वाचनालयाचं पुढचं दार

आमच्या वाचनालयाची जुनी इमारत पाडून तिथे लिफ्टवाली नवी इमारत होणार आहे, म्हणून एक स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी परवा दोन तरुण माझ्याकडे येऊन गेले. "आजी, तुमच्या गोड आठवणी लिहून द्या," म्हणाले. जाताना स्मरणिकेत छापायच्या इतिहासाचं एक पान ठेवून गेले. चष्मा लावून वाचलं. त्यात लिहिलंय की, तत्कालीन समितीने पुरोगामी दृष्टी ठेवून वाचनकक्ष महिलांसाठी खुला केला.

खुला केला म्हणे! मी तिथे होते. समितीने काय खुलं केलं आणि कशाला कडी लावली, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा गोड आठवण मिळणार नाही, खरी मिळेल. छापायची तर छापा.

आधीच सांगते, हे कल्याणातलं ते जुनं, नावाजलेलं वाचनालय नव्हे. त्याच्याशी माझं काही भांडण नाही. हे आमचं नंतरचं, तळ्याच्या अलीकडचं. माणसांची नावं लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं अजून मला भाजीबाजारात भेटतात आणि पिशवी घरापर्यंत आणून देतात.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते. गावाबाहेर निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या, रेशनला रांगा होत्या, आणि आमचं वाचनालय एका किराणा दुकानाच्या माडीवर होतं. खाली मिरच्या आणि मसाले, वर पुस्तकं. वाचत बसलेले पुरुष मधूनमधून शिंकत असत. कुठलंही पुस्तक उघडलं की धण्यांचा वास येई. जिना दुकानातूनच वर जाई, त्यामुळे बायकांनी तिथे जायचा प्रश्नच येत नाही, असं सगळे म्हणत. दुकानात आम्ही रोज जात होतो, गूळ आणत होतो, रॉकेल आणत होतो. त्याच दुकानातून चार पायऱ्या वर गेलो तर काय आभाळ कोसळणार होतं, हे मला कोणी कधी सांगितलं नाही.

बायकांसाठी घरपोच सोय होती. वाचनालयाचा शिपाई आठवड्यातून एकदा खाकी पिशवीत पुस्तकं घालून आळीतून फिरे. कुठल्या घरी कुठलं पुस्तक जाणार, ते चिटणीस ठरवीत. चिटणीस म्हणजे रेल्वेच्या कचेरीतून संध्याकाळी परस्पर वाचनालयात येणारे, टोपी कधी तिरकी न झालेले गृहस्थ. वाचनालयासाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं, हे मी नाकारणार नाही. पण कुठल्या बाईने काय वाचावं, याबद्दल त्यांना कधी शंका म्हणून पडत नसे. लेकुरवाळीला बालसंगोपन, सासुरवाशिणीला सोज्ज्वळ कादंबरी, लग्नाच्या मुलीला पाकशास्त्र आणि विधवेला पोथी.

आमच्या घरात विधवा होती ती माझी आत्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती माहेरी परत आली, ती कायमची. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिचे केस काढू दिले नाहीत, आणि त्यावरून आळीत बरीच वर्षं कुजबुज चालली. फिक्या रंगाचं साधं नऊवारी, मोकळं कपाळ आणि हातात सतत काहीतरी छापील, अशी ती मला आठवते. जिऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सुरकुत्या काढून वाची. मजकूर ऐन रंगात आलेला असताना कागद फाटलेला निघाला की तिची दिवसभर चिडचिड होई.

तिला प्रवासाची पुस्तकं हवी असत. स्वतः ती ठाण्यापलीकडे कधी गेली नव्हती. एकदा नौपाड्यात मावसबहिणीकडे आठवडाभर राहून आली, तर तिथलं वर्णन विलायतेहून आल्यासारखं करत होती. शिपायाबरोबर ती निरोप धाडी, समुद्रप्रवासाचं काही असेल तर द्या. पुढच्या खेपेला पिशवीतून माहात्म्य निघे. कधी एकादशीचं, कधी तुळशीचं.

"अगं, त्या माणसाला वाटतं, हिला आता फक्त वरच जायचंय," आत्या म्हणे, "तेव्हा हिने तिथलंच वर्णन वाचावं."

तिचं मागणं फार मोठं नव्हतं. भरलेल्या कपाटासमोर उभं राहायचं, आपल्या हाताने एक पुस्तक काढायचं, चाळायचं, नको वाटलं तर परत ठेवायचं आणि दुसरं काढायचं. मग तिथेच टेबलाशी बसून ते वाचायचं. "भेंडीसुद्धा मी मोडून बघून घेते," ती म्हणायची. "पुस्तकच तेवढं दुसऱ्याच्या हाताने का घ्यायचं?"

मग नव्या इमारतीचं घाटू लागलं. भातखाचरांचं आणि खाडीकाठच्या मिठागरांचं मालक असलेलं एक आगरी कुटुंब होतं, त्यांनी तळ्याजवळची जागा दिली. ते श्रमदानाचे दिवस होते. रस्ता असो, शाळा असो, विहीर असो, माणसं सुट्टीच्या दिवशी घमेली घेऊन निघत. खाडीवर होड्यांतून रेती उतरे, ती बैलगाडीतून येई आणि आम्ही सगळे रांग करून पुढे सारत असू. बायकाही होत्या. त्या वेळी चिटणिसांना बायका चालल्या. चालल्या कसल्या, त्यांनी आमच्यावर भाषण केलं, मातृशक्ती म्हणाले.

आत्या त्या रांगेत कायम पुढे असे. घमेलं उचलून देताना कोणी कोणाच्या कपाळाकडे बघत नाही. पुढच्या दाराच्या पायऱ्यांखाली जो भराव आहे, त्यातली बरीच माती तिच्या आणि माझ्या डोक्यावरून गेली आहे. घरी आल्यावर ती मान चोळत बसायची आणि विचारायची, "कपाटं कुठल्या भिंतीला येणार गं? उजेड कुठून येईल?" मी तोवर एका शाळेत शिकवू लागले होते, त्यामुळे मला सगळं ठाऊक असणार असं तिला वाटे.

इमारत झाली, आणि देखणी झाली. तळ्याकडे उघडणाऱ्या उंच खिडक्या, मधोमध लांब टेबल, वर्तमानपत्रं लावायला उतरत्या फळ्या, भिंतीला काचेची कपाटं. उद्‌घाटनाच्या दिवशी आम्ही बायका नवी लुगडी नेसून पुढच्या पायऱ्यांशी पोचलो, तर चिटणीस हसतमुखाने म्हणाले, "भगिनींनी इकडून यावं." आणि आम्हाला वळसा घालून मागच्या गल्लीत घेऊन गेले.

मागे विहिरीकडे तोंड केलेलं एक दार होतं. आत जिन्याखाली उरलेल्या जागेत एक बाक टाकलेला आणि भिंतीला तिकिटाच्या खिडकीसारखी खिडकी. वर पाटी, महिला विभाग. आपण बाकावर बसायचं, खिडकीतून निरोप द्यायचा, पलीकडून शिपाई पुस्तक देणार. कुठलं पुस्तक? ते चिटणीस ठरवणार. म्हणजे आजवर पुस्तकं पिशवीतून घरी येत होती, आता आम्ही चालत जाऊन तीच आणायची होती.

जागा देणाऱ्या घरची मालकीण आमच्यातच होती. अंगावर ठसठशीत सोनं, आणि आवाज खाडीपलीकडे जाईल असा. तिला वाचता येत नव्हतं, पण जिना आणि दार कशाला म्हणतात ते कळत होतं. तिने खिडकीत डोकं घालून पाहिलं आणि विचारलं, "जागा आमची, नि आमी मांगचे दाराशी येवाचा? कनाला?"

"वहिनी, तुमच्याच सोयीसाठी," चिटणीस म्हणाले. "पुढे पुरुषांची वर्दळ असते."

"मंग बाप्यांना धारा मांगं," ती म्हणाली, म्हणजे पुरुषांनाच मागे धाडा.

चिटणीस हसले. आम्ही कोणी हसलो नाही. आत्या घरी आली, तिने पाय धुतले आणि स्वयंपाकाला लागली. मला ते सहन झालं नाही. मी दुसऱ्याच दिवशी चिटणिसांना गाठलं.

"समाज अजून तयार नाही, बेटा," ते म्हणाले.

"समाज म्हणजे कोण? मला घरं सांगा, मी जाऊन विचारते."

"तू शिक्षिका आहेस. तुला असं बोलणं शोभत नाही."

काय शोभतं आणि काय नाही, हे मला त्या वयात दिवसातून दहा वेळा ऐकवलं जाई. मी तणतणत घरी आले. आत्या आणि आई पुढ्यात सूप घेऊन तीळ निवडत बसल्या होत्या. माझी सगळी बडबड ऐकून घेतल्यावर आत्या सुपावरची नजर न काढता म्हणाली, "भांडून काय मिळणार? त्याच्याकडे हळदीकुंकवासाठी पुढचं वाचनाचं दालन माग."

"काय?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाही म्हणेल असा पुरुष या गावात नाही. आणि हळदीकुंकू चालू असताना त्या दालनात थांबेल असाही नाही." मग तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "फक्त दिवस सांगू नकोस. संक्रांतीचं हळदीकुंकू, एवढंच म्हण."

आई आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. संक्रांतीचं हळदीकुंकू संक्रांतीला संपत नाही. ते रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं, आणि त्या वर्षी रथसप्तमी चांगली लांबली होती. हे आमच्यात शेंबड्या मुलीलाही ठाऊक असतं. पुरुषांना फक्त एवढंच ठाऊक असतं की त्या दिवसांत बायको नटून कुठेतरी जाते आणि हरभरे-बोरं घेऊन परत येते.

"पण आत्या, तू?" मी विचारलं. हळदीकुंकवात तिला कोण बोलावणार होतं!

"माझं मी बघेन. तुम्ही आधी आत शिरा."

चिटणीस तर खूशच झाले. "उत्तम कल्पना! नव्या वास्तूला सवाष्णींचे पाय लागू देत," म्हणाले. सवाष्णी हा शब्द मला फार लागला. पण मी मान डोलावली, कारण माझ्यामागे आई उभी होती आणि तिने मला चिमटा काढला होता. समितीनेही एकमताने परवानगी दिली. कुठल्या दिवशी, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

पहिलं हळदीकुंकू आमच्या आळीचं झालं. आम्ही तबकं घेऊन पुढच्या पायऱ्या चढलो तसे वाचत बसलेले पुरुष घाईघाईने उठले, एकजण तर चष्मा टेबलावर विसरून गेला. हळद झाली, कुंकू झालं, अत्तर लावलं, तिळगूळ वाटला, वाण लुटलं. आणि मग कोणी घरी गेलंच नाही. एकीने कपाट उघडलं. दुसरीने वर्तमानपत्राची फळी आपल्याकडे ओढली. माझी आई, जिने आयुष्यात स्वयंपाकघरातल्या पाटाखेरीज कुठे बसून वाचलं नव्हतं, ती खुर्चीत बसली आणि दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीच्या बायका तबकं घेऊन हजर. कचेरीतून आलेले चिटणीस दारात थबकले. "हे काय? काल झालं ना?"

"काल आमचं झालं," मी म्हटलं. "आज यांचं."

"अहो, संक्रांत होऊन गेली!"

"रथसप्तमीपर्यंत चालतं की."

त्यांनी विश्वास न बसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग ते भिंतीवरच्या पंचांगाकडे गेले, रथसप्तमी शोधली आणि त्यांचा चेहरा उतरला. समितीने दिलेली परवानगी, तीही हळदीकुंकवाची. ती मोडायची म्हणजे गावभरच्या बायकांचा शाप घ्यायचा. तिसऱ्या दिवशी खुद्द त्यांच्या बायकोने हळदीकुंकू केलं. ती टेबलाच्या टोकाला मासिक उघडून बसली होती, आणि नवरा दारातून डोकावला तेव्हा तिने पान उलटलं.

मला त्या दिवसांत मजा वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण घरी आले की आत्या माझी झडती घेई. आज कुठलं कपाट बघितलंस? प्रवासाची पुस्तकं खिडकीजवळच्या कपाटात आहेत ना? वरच्या फळीवर की मधल्या? काच सरकते की उघडते? मी सांगे आणि ती डोळे मिटून ऐके. एक दिवस मला राहवलं नाही. दालनात सगळ्याजणी जमल्या असताना मी म्हटलं, "उद्या मी आत्याला घेऊन येणार आहे."

सगळ्या एकदम आपापल्या तबकाकडे बघू लागल्या. चांगल्या होत्या हो त्या, वाईट नव्हत्या. एकजण हळूच म्हणाली, "आणायला काही नाही गं. पण आम्ही कुंकू लावत असताना त्यांनी नुसतं बसायचं, त्यांनाच वाईट वाटेल."

"हा बेत तिचा आहे," मी म्हटलं. "तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसलात, त्या तिच्या डोक्यातून निघाल्यात." माझा आवाज चढला होता. बायका उठून कपाटं लावू लागल्या. चिटणिसांची बायको तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "कुंकवाच्या आडून मला आत जायचंच नाही. रथसप्तमी होऊ दे."

रथसप्तमी झाली. दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी पुढच्या दाराशी एक पाटी टांगली, महिलांची सोय मागील बाजूस. पुरुष आपापल्या खुर्च्यांवर परत आले. संध्याकाळी आत्याने हातपाय धुतले, धुवट लुगडं नेसली, केस नीट बांधले आणि मला म्हणाली, "चल."

रस्त्याने ती मला मागे टाकून चालत होती. पुढच्या पायऱ्यांशी ती क्षणभर थांबली, पाटी वाचली, छापलेलं सगळंच वाचायची सवय होती तिला, आणि पायऱ्या चढून आत गेली. दालनातली वर्तमानपत्रं एकेक करून खाली झाली. चिटणीस खुर्चीतून उठले. माणूस उर्मट नव्हता, हळू आवाजात म्हणाले, "ताई, हळदीकुंकू संपलं काल. सण झाला."

"हळदीकुंकवाला मी कधीच नव्हते," आत्या म्हणाली. "मी वाचायला आलेय."

"त्यासाठी मागे सोय केली आहे."

"ठाऊक आहे. त्या दाराची रेती मी वाहिली. या दाराचीही वाहिली."

आणि ती सरळ खिडकीजवळच्या कपाटाकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या दालनात पाऊल टाकलेली बाई, पण इकडेतिकडे बघितलं नाही. काच सरकवली, मधल्या फळीवरून एक पुस्तक काढलं, चाळलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. तेही परत ठेवलं. तिने घाई केली नाही. तिसरं पुस्तक घेऊन ती टेबलाशी आली आणि एका रिकाम्या खुर्चीत बसली. शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्रासकट उठून पलीकडे गेले.

चिटणीस शिपायाला म्हणाले, "आज जरा लवकर बंद करू. घंटा दे." शिपायाने घंटा दिली. पुरुष एकमेकांकडे बघत उठले. आत्या बसून राहिली, आणि मी तिच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. मला भीती वाटत होती, ती एकटी पडेल याची, दुसरी कसली नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. चिटणिसांची बायको आत आली. हातात तबक नव्हतं, अंगावर घरातलंच लुगडं होतं. नवऱ्याकडे न बघता ती आत्याच्या शेजारी, त्या गृहस्थांनी सोडलेल्या खुर्चीत बसली. तिच्या मागून माझी आई आली. मग आळीतल्या एकेकजणी येत गेल्या, तशाच रिकाम्या हाताने. त्यांना कोणी गोळा केलं, ते मला नंतर कळलं. आत्या आज जाणार हे आईकडून कळल्यावर चिटणिसांच्या बायकोने दुपारभर दारोदार हिंडून सांगितलं होतं. शेवटी जागेची मालकीण आली, आत्याच्या समोर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "माजे डोल्यांना अक्षार कलत नाय. मोठ्यान वाच, मनाबी आयकू दे."

भिंतीवर शांतता राखा अशी पाटी होती. आत्याने पाटीकडे पाहिलं, चिटणिसांकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बोट बंदरातून सुटत होती, धक्क्यावरची माणसं लहान होत चालली होती. पहिल्या ओळींना तिचा आवाज फाटला, मग लागला. दारापर्यंत गेलेले पुरुष तिथेच उभे राहिले. बोट खोल पाण्यात पोचली तेव्हा त्यातले दोघे-तिघे हळूच येऊन परत खुर्च्यांवर बसले. चिटणीस खिडकीशी पाठमोरे उभे होते. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा शिपायाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी नुसता हात हलवला, लाव म्हणून. एवढंच त्या समितीने केलं, एक दिवा लावू दिला. पाटी पुढे बरेच दिवस तशीच टांगलेली होती, आणि आम्ही रोज तिच्याखालून आत जात होतो.

त्या संध्याकाळी निघताना शिपाई पुढे आला. इतकी वर्षं आमच्या दारात पोथ्या आणून देणारा तोच. पिशवी उघडून म्हणाला, "आणा बाई, पुस्तक घरी पोचवतो."

"नको," आत्या म्हणाली. तिने पुस्तक आपल्या हाताने मधल्या फळीवर ठेवलं आणि काच लावली. "इथेच असू दे. मी उद्या येणार आहे."